अ‍ॅनिमल किंगडम, आबा आणि काळवीट (आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी)

पारिजात

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज धाकटी लवकर झोपलीय तर लिहून टाकते. २०२३ च्या दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आम्ही सहाजण ऑर्लँडोच्या डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडमला गेलो होतो. मी, नवरा, मोठा (११), धाकटी (५) आणि सासूसासरे, म्हणजे आई आणि आबा. अटलांटाहून गाडीने साधारण सात तास, शुक्रवारी रात्री मुक्काम, शनिवारी सकाळी गेटवर.

आबांची पार्श्वभूमी सांगते कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. आबा ७४ वर्षांचे, कर्जत तालुक्यातले (नगरचं कर्जत, रायगडचं नाही), आयुष्यभर शेती केलेली, कोरडवाहू. अमेरिकेत येऊन त्यांना दोन महिने झाले होते आणि खरं सांगायचं तर घरात ते कोमेजून गेले होते. बोलणं कमी झालेलं, मुलं शाळेत, आम्ही ऑफिसात, बाहेर पडावं तर चालत जाण्यासारखं काही नाही. मोठ्याचं आणि त्यांचं तर बोलणंच जमत नव्हतं, त्याचं मराठी घरगुती आणि आबांचं मराठी नगरी, दोघं एकमेकांकडे बघून हसायचे आणि गप्प बसायचे. म्हणून मीच हट्टाने हा पार्क निवडला. किल्ला आणि राजकन्यांवाल्या पार्कात आबांनी काय केलं असतं? इथे निदान गुरंढोरं, झाडं, पाणी असेल असं वाटलं.

पार्क २२ एप्रिल १९९८ ला, वसुंधरा दिनी सुरू झालाय आणि अवाढव्य आहे, साधारण ५८० एकर. आबांना एकर सांगितले की लगेच कळतं, म्हणाले "म्हंजी अख्खं गावच की". आत गेल्या गेल्या ते मोठं झाड दिसतं, ट्री ऑफ लाइफ, १४५ फूट उंच, आणि खोडावर तीनशेच्या वर प्राणी कोरलेत. आबांनी जवळ जाऊन बुंध्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले झाड खरं नाही पण हात खरा आहे, ज्यानं कोरलं त्याचा. खोडाच्या आतला सांगाडा समुद्रात तेल काढायला जो लोखंडी प्लॅटफॉर्म उभारतात त्या पद्धतीचा आहे हे मोठ्याने त्यांना सांगितलं, मी मध्ये बोलून समजावलं. तेव्हा अजून असं मध्ये बोलावं लागत होतं.

सगळ्यात आधी सफारी केली, किलीमांजारो सफारी. उघड्या बाजूंचा मोठा ट्रक, आत बाकडी, साधारण वीस मिनिटांची फेरी. ११० एकरात आफ्रिकेचं माळरान उभं केलंय. आधी दाट झाडी लागते, मग पाणघोडे, मग पुलाखाली मगरी, आणि मग एकदम मोकळं होतं आणि जिराफ थेट रस्त्याच्या कडेला. कुंपण कुठेच दिसत नाही, चर आणि पाणी असं लपवून केलंय की सगळे एकाच माळावर चरतायत असं वाटतं. आबांचं लक्ष आमच्यासारखं नुसतं प्राण्यांवर नव्हतं, ते गवत बघत होते, चर बघत होते, पाणी कुठून आणलंय ते बघत होते. लांबून बाभळीसारखी दिसणारी झाडं होती तर म्हणाले ही बाभूळ नाही, छाटून तसा आकार दिलाय. आणि ते बरोबर आहे! फ्लोरिडाचे ओक छाटून आफ्रिकेतल्या बाभळीसारखे केलेत. गोरखचिंचेची ती जाडजूड झाडं खोटी आहेत हेसुद्धा त्यांनी आधीच ओळखलं, वाळकीच्या देवळापाशी एक गोरखचिंच बघितली होती म्हणे लहानपणी.

मग अंकोले गाई आल्या. ज्यांनी बघितल्या नसतील त्यांना सांगते, शिंगं एवढी जाड आणि लांब की डोकं उचलतात कशा असं वाटतं. आबा बाकावरून अर्धे उठले. "आरं काय शिंगं हायेत, आपल्या खिल्लाराला बी लाजवतील." त्यांच्याकडे खिल्लार बैलजोडी होती, नवरा शाळेत असताना विकली, त्या जोडीबद्दल आबा कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. शिंगांच्या आतून रक्तवाहिन्या असतात आणि त्यातून उष्णता बाहेर टाकली जाते असं ट्रकवाल्या मुलीने सांगितलं, ते मोठ्याने आबांना सांगितलं, आणि आबा म्हणाले बरोबर, उन्हातून आलेल्या बैलाच्या शिंगाला बुडाशी हात लावला की गरम लागतं. मोठा बघतच राहिला. त्याला वाटलं होतं ही माहिती फक्त त्या मुलीलाच असते.

हत्ती बघितले, पांढरे गेंडे बघितले, चित्ता गवतात आडवा पडलेला दिसला फक्त पाठ आणि कान, सिंह खडकावर झोपलेले. चित्ता लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मधलं भराभर सांगते. गोरिलांचा रस्ता केला, तिथे काचेतून पाण्याखालचा पाणघोडा दिसतो, धाकटी हलायलाच तयार नव्हती. सिंहाच्या गोष्टीचा गाण्यांचा शो बघितला, एसी आणि बसायला जागा, आईंना ते फार आवडलं. बाहेरचं खायला आत नेता येतं (काचेचं भांडं नको) म्हणून आईंनी पहाटे उठून धपाटे केले होते आणि शेंगदाण्याची चटणी, ते झाडाखाली बसून खाल्लं. नवरा आणि मोठा एव्हरेस्ट नावाच्या राइडवर जाऊन आले, त्याला उंची ४४ इंच लागते, धाकटीची भरली नाही म्हणून ती रडली, मग आबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले आता तू एव्हरेस्टपेक्षा उंच.

जेवणानंतर आम्ही आशिया भागात होतो. त्या गावाचं नाव आनंदपूर. भिंतींवर, पाट्यांवर देवनागरी अक्षरं! आई थांबून थांबून वाचत होत्या, दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना बाहेर काहीतरी वाचता येत होतं. मी कधी असा विचारच केला नव्हता की सगळ्या पाट्या नुसती चित्रं झाल्यावर माणसाला कसं वाटत असेल. पताका, घंटा, शेंदूर लावल्यासारखे दगड, आईंनी एका ठिकाणी चप्पल काढून नमस्कार केला. सजावट आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणाल्या हात जोडले तर काय बिघडलं.

तिथे महाराजा जंगल ट्रेक म्हणून पायवाट आहे. जुन्या राजवाड्याचे पडके अवशेष आणि त्यात प्राणी. आधी वटवाघळं, ती मोठी, पंख पसरले की पाच फुटांपर्यंत, आणि एका खिडकीला काच नाही जाळी नाही, समोर लटकून फळं खातायत. मला थोडी भीती वाटली. आई निवांत, "आपल्या वडावर काय कमी होती का." मग वाघ, सुमात्राचे, आपल्या वाघापेक्षा अंगाने लहान, जंगलात आता काही शेच उरलेत. एक वाघीण भिंतीच्या सावलीत झोपली होती.

आणि मग पुढे मोकळं गवत लागतं आणि तिथे काळवीट.

आबा चालता चालता थांबले. मी पाच पावलं पुढे गेले होते, मागे बघितलं तर ते कठड्याला धरून उभे. "आरं हे तर आपलं हरीण हाये." आवाज वेगळाच होता. आमचं गाव रेहेकुरीपासून लांब नाही, तिथे खास काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य झालं, म्हणजे आबांनी अभयारण्याच्या आधीपासून हे प्राणी बघितलेले. आणि शेतकऱ्याचं आणि हरणांचं काय नातं असतं हे तिकडच्यांना माहीत आहे, हरभरा वर आला की कळपच्या कळप रात्री वावरात. आबांनी किती रात्री माळ्यावर बसून डबे वाजवलेत. नवरा सांगतो लहानपणी हरणं हा शब्द घरात रागानेच ऐकला.

तेच आबा त्या कठड्याशी पाऊण तास उभे होते. पाऊण तास! नवरा दोनदा म्हणाला चला, मी त्याला डोळ्याने दटावलं. मोठा जवळ गेला आणि विचारलं, आबा, यातला काळा एकच का? आणि आबा सुरू झाले. नर वयात येईल तसा काळा होत जातो, मादीला शिंग नसतं, शिंगाचे पीळ मोज, तो नर बघ एकाच जागी लेंड्या टाकतो ती त्याची हद्द, दुसऱ्या नराने ओलांडली की भांडण, भ्यायलं की आधी एक मादी चारी पाय उचलून उडी मारते मग सगळा कळप तशाच उड्या मारत जातो. बहात्तरच्या दुष्काळात माळावर गवताची काडी नव्हती तेव्हा हरणं दिवसाढवळ्या विहिरीच्या थारोळ्यावर पाण्याला यायची आणि तेव्हा त्यांना कोणी हुसकलं नाही, त्या वर्षी कोणीच नाही. मोठ्याला वावर, थारोळं, माळा हे शब्द माहीत नव्हते, तो एकेक विचारत होता आणि आबा हाताने हवेत काढून दाखवत होते. मला मध्ये बोलावं लागलं नाही.

तिथे उभी असलेली पार्कची बाई (दुर्बीण घेऊन माहिती द्यायला असतात त्या) जवळ आली, तिने विचारलं आजोबा काय सांगतायत. मोठ्याने इंग्रजीत सांगितलं, तिने त्याला दोन प्रश्न विचारले, त्याने आबांना विचारून उत्तरं दिली. तिच्या भोवती आणखी चारपाच लोक जमले आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा कर्जतच्या हरणांबद्दल फ्लोरिडात भाषांतर करत उभा. मी फोटो काढायचे विसरले.

मग मोठ्याने विचारलं, एवढं जोरात का पळतात, इथे तर वाघ आहे आणि वाघ एवढा पळत नाही. आबा म्हणाले सकाळी बघितला ना तो ठिपक्यांचा, गवतात पडलेला, तो. तो आपल्याकडंबी होता. माझ्या आज्यानं बघितला होता असं सांगायचा. आता तो नाही पण हरणाच्या पायातून त्याचं भ्या गेलं नाही.

पाण्याची राइड राहिली, अवतार सिनेमातल्या पॅन्डोराचा भाग राहिला. मुलांनी एकदाही विचारलं नाही.

तर आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर काय करावं हे कोणाला हवं असेल तर विचारा, जमेल तसं सांगते. आणि ज्यांनी असं काही अनुभवलं असेल त्यांनी लिहा प्लीज.

ऑर्लँडोकर

खूप छान लिहिलंयस पारिजात. आम्ही इथेच राहतो आणि वर्षातून दोनतीनदा पाहुण्यांना घेऊन जातो म्हणून थोडी कामाची माहिती टाकतो. तिकीट तारखेप्रमाणे बदलतं, शाळेच्या सुट्ट्यांत सगळ्यात महाग. तीन वर्षांच्या आतल्यांना तिकीट नाही, तीन ते नऊ लहान मुलांचं, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचंच लागतं. सफारी सकाळी गेट उघडल्या उघडल्या करा किंवा अगदी संध्याकाळी, दुपारच्या उन्हात प्राणी सावलीला जातात आणि सिंह तर झोपलेलाच दिसतो. उन्हाळ्यात दुपारी पाऊस आणि विजा ठरलेल्या असतात, विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, रेनकोट घरूनच न्या.

लहान मूल उंचीत बसत नसेल तर रायडर स्विच मागा. एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो आणि मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. एव्हरेस्टला ४४ इंच, काली रिव्हर रॅपिड्सला (ती पाण्याची राइड) ३८ इंच. एव्हरेस्टची ट्रेन मध्येच रूळ तुटलाय असं दाखवून अंधारात उलटी जाते, पाठीचं किंवा मानेचं दुखणं असणाऱ्यांनी जाऊ नये.

आणि पिण्याचं बर्फाचं पाणी खाण्याच्या काउंटरवर फुकट मिळतं, मागायला लाजू नका. इथे फुगे विकत नाहीत आणि स्ट्रॉ कागदी देतात, प्राण्यांच्या पोटात जाऊ नये म्हणून. मुलांना आधीच सांगून ठेवा, बाकी डिस्नेत फुगा मिळतो आणि इथे का नाही म्हणून आमच्या भाचीने अर्धा तास काढला होता.

नातवंडांची_आजी

पारिजात, तुमच्या आबांना माझा नमस्कार सांगा. मी पुढच्या एप्रिलमध्ये लेकीकडे येतेय, तिने हाच पार्क ठरवलाय. माझे गुडघे फार चालू देत नाहीत. व्हीलचेअरवर बसायला मन घेत नाही, पण सगळ्यांना माझ्यासाठी थांबावं लागतं हेही बरं वाटत नाही. काय करावं?

पारिजात

आजी, नक्की घ्या व्हीलचेअर. आईंचंही हेच झालं होतं, नको नको म्हणत होत्या, मग नवरा म्हणाला सामान ठेवायला घेऊ. सकाळी बॅगा ठेवल्या, दुपारनंतर आई बसल्या आणि बॅगा आमच्या खांद्यावर. गेटच्या आतच भाड्याने मिळते, बॅटरीवर चालणारीपण असते. सफारीला व्हीलचेअरची वेगळी सोय आहे, गोरिलांचा आणि महाराजा ट्रेकचा असे दोन्ही रस्ते गुळगुळीत आहेत, फक्त हलका चढउतार आहे. बसायला बाकं आहेत पण सावलीतली लवकर भरतात. आणि पायात नवीन बूट घालू नका, रोजचे जे सवयीचे तेच. आम्ही दिवसात फक्त पाचच गोष्टी केल्या, सगळं करायचं ठरवून गेलो असतो तर आबा त्या कठड्याशी थांबूच शकले नसते, मीच त्यांना ओढत नेलं असतं.

पाणकोळी

वाचताना अंगावर काटा आला. मी भिगवणला दर हिवाळ्यात जातो पक्षी बघायला. त्याच ट्रेकवर पट्टकदंब पण दिसतात, लक्ष गेलं का तुमचं? राखाडी हंसासारखा पक्षी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तो हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो, उजनीला, जायकवाडीला, नांदूरमध्यमेश्वरला थंडीत थवेच्या थवे असतात. सकाळी धुक्यात तो आवाज ऐकला की थंडी सुरू झाली असं आम्ही समजतो. मी पाच वर्षांपूर्वी अ‍ॅनिमल किंगडमला गेलो होतो ऑफिसच्या कामाला जोडून, एकटाच होतो. त्या गवतावर ते दोन पट्टे दिसले आणि बराच वेळ तिथून हललो नाही. आबांचा पाऊण तास मला पूर्ण कळला.

त्या ट्रेकवर पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे ज्याच्या आत आपणच चालतो, तिथेही घाई करू नका, दहा मिनिटं एका जागी उभं राहिलं की पक्षी स्वतःहून जवळ येतात.

मुंगूस

लेख मनापासून आवडला, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही, राग मानू नका. त्या वाघिणीचं काय? सुमात्राचं जंगल आणि कुठे फ्लोरिडातली पडकी भिंत. ज्या काळविटांना बघून आबांना गाव आठवलं ती गावाला कधीच जाणार नाहीत. मी लहानपणी एका प्राणीसंग्रहालयात एक अस्वल बघितलं होतं, दिवसभर एकाच जागी मागेपुढे मागेपुढे डोलत होतं. ते अजून स्वप्नात येतं. त्यानंतर मी अशा ठिकाणी पाऊल ठेवलं नाही आणि मुलांनाही नेलं नाही. प्राणी बघायचे तर ताडोबाला जावं, दिसला वाघ तर दिसला, नाही तर नाही.

कोल्हापुरी_रस्सा

आबांनी चित्त्याबद्दल जे सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे. आमच्या कोल्हापुरात संस्थानच्या काळी चित्ते पाळलेले असायचे, खास काळविटांच्या शिकारीसाठी शिकवलेले, आणि त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. माझे पणजोबा सांगायचे की डोळ्याला झापड बांधून गाडीवर बसवून चित्ता माळावर न्यायचे, कळप दिसला की झापड काढायची. आपल्या देशातून चित्ता संपला हे १९५२ मध्ये जाहीर झालं. मग सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले. म्हणजे हरणाचा पाठलाग करणारा सत्तर वर्षं नव्हताच आणि हरीण तेवढ्याच जोरात पळत राहिलं. आबांचं वाक्य मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, "पायातून त्याचं भ्या गेलं नाही".

त्या ट्रेकच्या कथेतही राजांचं शिकारीचं रान होतं आणि मग ते राखीव जंगल झालं असंच दाखवलंय ना? आमच्या राधानगरीचं तसंच आहे, संस्थानचं शिकारीचं रान, त्याचं १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं.

अजून एक, त्या पाण्याच्या राइडचं नाव काली आहे म्हणून काही लोकांना खटकतं. मला स्वतःला दांडेलीची काळी नदी आठवली, तिथे राफ्टिंग केलंय आम्ही मित्रांनी.

रानवाट

@मुंगूस, तुझं म्हणणं मला पटतं आणि तरी मी तिथे जाते, म्हणून सविस्तर लिहिते. मी प्राण्यांची डॉक्टर आहे, शेती आणि पाळीव जनावरांची, पण शिकत असताना प्राणीसंग्रहालयात काम केलंय. ते जे डोलणं तू बघितलंस ते खरंच त्रासाचं लक्षण असतं, जागा कमी, करायला काही नाही, एकटेपणा. ते बघून तुला जे वाटलं ते बरोबरच वाटलं. पण म्हणून सगळीकडे तसंच असतं असं नाही. अ‍ॅनिमल किंगडमला अमेरिकेतल्या प्राणीसंग्रहालयांच्या संघटनेची मान्यता आहे, त्यात जागा, खाणं, उपचार, कोणाची जोडी कोणाशी लावायची हे सगळं तपासलं जातं. रात्री प्राणी आतल्या निवाऱ्यात जातात आणि प्रत्येक जातीला बोलवायचा आवाज वेगळा शिकवलेला असतो, तो ऐकला की आपल्या आपण येतात.

एक गोष्ट सांगते जी मला फार आवडते. युगांडातले गेंडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकारीने पूर्ण संपले होते. एकही नाही. मग झिवा नावाच्या जागी नव्याने सुरुवात केली, चार पांढरे गेंडे केनियातून आणले आणि दोन या अ‍ॅनिमल किंगडममधून २००६ मध्ये विमानाने पाठवले. त्यातली मादी नंदी. तिला २००९ मध्ये पिल्लू झालं, वडील केनियातले आणि आई अमेरिकेतून आलेली म्हणून पिल्लाचं नाव ओबामा ठेवलं! देशात पंचवीसेक वर्षांनी जन्मलेला पहिला गेंडा. आम्ही सफारीत पांढरे गेंडे दिसले की मी हे मुलांना प्रत्येक वेळी सांगते, आता तीच मला सांगतात.

यामुळे वाघिणीचा प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. तिला जंगल मिळायला हवं आणि ते तोडलं जातंय.

मुंगूस

@रानवाट, इतकं समजावून लिहिल्याबद्दल खूप आभार. नंदीची गोष्ट माहीत नव्हती, मुलीला सांगितली, तिने लगेच युगांडा नकाशात शोधला. माझं मन पूर्ण बदललं असं नाही, पण आमच्या भागात जे प्राणीसंग्रहालय आहे त्याला मान्यता आहे का आणि तिथे काय पद्धत आहे ते जाऊन विचारणार आहे. ते अस्वल डोळ्यासमोरून जाणार नाही, पण निदान विचारीन तरी.

भायखळाकर

मी राणीच्या बागेच्या शेजारी वाढलो, शाळा सुटली की आत. आमच्या लहानपणीचे पिंजरे आठवले की मुंगूस म्हणतात तसंच वाटतं, पण गेल्या काही वर्षांत बरंच बदललंय, काचेची मोठी दालनं झाली, २०१७ पासून हम्बोल्ट पेंग्विन लोकांना बघता येतात. माझे वडील आता ८१ आहेत, त्यांना तिथे नेतो तेव्हा ते पेंग्विनपाशी दोन मिनिटं थांबतात आणि मग जुन्या झाडांकडे जातात, ही बाग झाडांसाठी लावली होती हे लोक विसरले असं म्हणतात. एकेक झाडाचं नाव त्यांना पाठ. मागच्या रविवारी माझ्या मुलाला मी मुद्दाम त्यांच्याबरोबर पाठवलं आणि मी गेटवर बसलो. पारिजात, हे तुमचा लेख वाचून केलं.

खादाड

शाकाहारी लोकांसाठी: पॅन्डोरामधल्या कॅन्टीनमध्ये टोफूचा बाऊल मिळतो, भात, भाज्या, वरून सॉस, पोट भरतं. आशिया भागात नूडल्स, भाज्या असं मिळून जातं, काउंटरवर विचारलं तर अ‍ॅलर्जीचं आणि शाकाहाराचं नीट समजावून सांगतात, अंडं चालतं का नाही तेही आधी सांगा. पण धपाट्यांना तोड नाही. पारिजात, धपाटे दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहावेत म्हणून आईंनी काय घातलं होतं?

पारिजात

@खादाड आईंना फोन करून विचारलं, ज्वारीच्या पिठात थोडी कणिक आणि बेसन, आणि पाण्याऐवजी दह्यात भिजवायचं, थापताना ओलं फडकं. तव्यावरून काढल्यावर थेट डब्यात नाही, आधी कापडावर.

@पाणकोळी पट्टकदंब दिसले होते पण नाव माहीत नव्हतं! मोठ्याच्या एका फोटोत आहेत, पट्टे मोजून दाखवले त्याने.

@मुंगूस, राग अजिबात नाही. मी तुमचा प्रतिसाद आबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्यांचं खरं हाये. माझंबी तसंच झालं होतं घरात बसून." एवढंच. मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मोठा शाळेतून आला की दोघं चालायला जायला लागले, घरामागे ओढा आहे तिथपर्यंत, तिथे साधी हरणं येतात संध्याकाळी, इकडची, ठिपके नसलेली. आबा त्यांनाही नावं ठेवायचे, यांना उडी मारता येत नाही म्हणायचे, पण जायचे रोज.

आईआबा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परत गेले. मोठा विमानतळावर रडला. परवा आबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला, पहिल्यांदाच स्वतः काढलेला, निम्म्यात बोट आलंय. पहाटेची वेळ, हरभऱ्याचं वावर, लांब तीन माद्या आणि एक काळा नर उभा. शेजारचे काका डबा वाजवायला निघालेले ऐकू येतात, आणि आबांचा आवाज, "जरा थांब रं, पोराला दावतो आधी."